काढून टाकलेली दुपार

“पाण्याचा गढूळपणा मोजायचा सेन्सर आहे का?” बुधवार पेठेतल्या त्या चिंचोळ्या दुकानात नीरजाने विचारलं.

दुकानदारांनी मान वर केली नाही. “पाटी वाचलीत? ‘समोर दिसत नाही ते नाही.’”

मागून कुणीतरी हसलं. वायरींचं भेंडोळं हातात धरलेला एक उंच मुलगा. “पाण्याचाच मोजायचाय ना? कारण माणसांचा गढूळपणा मोजता येत असेल, तर आमच्या ऑफिसातही हवाय एक.”

“तुम्हाला कुणी विचारलं?”

“नाही... पण माझ्याकडे आहे तो सेन्सर. जुना पडलाय घरात. कोडही लिहून देईन.”

नीरजाने त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि तिथेच फसली.

धम्मदीप हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये होता. नीरजा शोधत होती, कऱ्हा नदी वर्षाकाठी किती गाळ वाहून नेते ते. मग पावसाळाभर दर शनिवारी तो तिला मोटरसायकलवरून सासवडच्या पलीकडच्या पुलावर नेऊ लागला. ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. पण गाडी त्यापुढे हलेना.

ती डबा उघडून विचारी, “कशी झालीय भाजी?”

“ठीक.”

“आणि हा पिवळा ड्रेस?”

“हं.”

या माणसाच्या शब्दांवर जीएसटी लागतो की काय! नदीही त्याच्याच गोत्रातली. बहुतेक शनिवारी घोट्याएवढं पाणी, तेही नितळ. गाळ मोजायचा म्हणून यायचं आणि खडे मोजून परतायचं.

सप्टेंबरातली एकच दुपार निराळी होती. वरच्या अंगाला पाऊस कोसळला आणि बघता बघता नदी दुधाळ चहाच्या रंगाची होऊन पुलाखालून धडाडत निघाली. नीरजा कठड्यावरून वाकून दोरीला बांधलेली बाटली पाण्यात सोडत होती, आणि धम्मदीपने मागून तिच्या रेनकोटाचं टोक घट्ट मुठीत धरलं होतं. बाटली वर आली, झाकण लागलं... तरी त्याने ते सोडलं नव्हतं. तिनेही सोडवून घेतलं नव्हतं. बोलला मात्र काय? “हं.”

आणि आज रविवार. उद्या सकाळी अहवाल द्यायचा होता. पुलाजवळच्या गावाला बंधारा हवा होता, आणि तो किती वर्षांत गाळाने भरेल हे नीरजाच्या आकड्यावरून ठरणार होतं. कर्वेनगरच्या तिच्या सोसायटीत, पार्किंगमधल्या स्कूटरवर लॅपटॉप ठेवून धम्मदीपने मोठ्या ऐटीत आकडा दाखवला.

“एवढासाच गाळ?” ती पुटपुटली. “पुराच्या दिवसाचं रीडिंग कुठंय?”

“ते होय? आउटलायर होतं. काढून टाकलं.”

“का—ढू—न?”

“अगं, बाकीचे आकडे सगळे एका रांगेत आणि हा एकटाच आभाळात. चूकच वाटणार ना! डेटा क्लीन केला मी.”

“क्लीन! गाळाचा डेटा क्लीन केला!” नीरजाने कपाळावर हात मारला. वॉचमनकाकांनी पेपर खाली केला. तिने स्कूटरला अडकवलेल्या पिशवीतून त्या दिवशीची बाटली काढून त्याच्या हातात आदळली. वर नितळ पाणी, तळाशी चार बोटं तपकिरी गाळ. “ही चूक आहे? अरे, कमी पावसाच्या भागातली नदी आहे ती. वर्षभर गप्प बसते आणि एखाद्या दुपारी सगळं ओतून मोकळी होते. ती दुपारच काढलीस तर उरलं काय? बंधारा कागदावर पन्नास वर्षं टिकेल आणि गावात पाच-सहा पावसाळ्यांत बुजेल!”

“सॉरी. परत घालतो.”

“घालशीलच! पण काढायला तुला नेमका तोच दिवस सापडला? ज्या दिवशी तू—” तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. “जाऊ दे. पुढच्या शनिवारपासून येऊ नकोस.”

धम्मदीपने गुपचूप ते रीडिंग परत घातलं. आकडा टुणकन कितीतरी पट वर गेला. तो स्क्रीनकडे पाहत राहिला, मग हातातल्या बाटलीकडे.

“नीरजा, मला तो दिवसच चूक वाटला होता.”

“बास हं आता...”

“ऐक ना. तू रेनकोट सोडवून घेतला नाहीस, तो मला भासच वाटला. दर शनिवारी असं काहीतरी वाटतं आणि मी ते चूक म्हणून काढून टाकतो. भाजी नुसती ठीक नव्हती. घरी जाऊन आईला तशीच करायला लावली, तर ती म्हणाली, आधी सांग, कोण ती? पिवळ्या ड्रेसच्या दिवशी वाटलं, गाडीची किल्ली नदीत टाकावी, म्हणजे परतच जायला नको. आणि तो सेन्सर... जुनाबिना काही नव्हता. माझ्याकडे नव्हताच. दुसऱ्या दिवशी ऑफिस बुडवून सगळी पेठ पालथी घातली तेव्हा मिळाला. आवडतेस तू मला. पहिल्या दिवसापासून.”

तो धापा टाकत थांबला. बाटली त्याच्या हातात इतकी हलली होती की पाणी पार गढूळ झालं होतं.

“इतके महिने नुसतं ‘ठीक’,” नीरजा सावकाश म्हणाली, “आणि आज एकदम हे? आउटलायर दिसतंय. टाकू काढून?”

“हात लावून बघ फक्त!”

वॉचमनकाकांनी पेपर पुन्हा वर केला, उलटा.

“नीरजा... तूही बोल ना काहीतरी.”

तिने त्याच्या शर्टाचं टोक मुठीत घट्ट धरलं, आणि सोडलं नाही.

“हं,” ती म्हणाली.