साखळीच्या पलीकडे

सरका जरा जवळ, आणि तो मोबाईल पालथा ठेव. उजेड नको. ही गोष्ट ऐकीव नाही. त्या दोघांना दवाखान्यात नेणारी गाडी मीच चालवत होतो.

आपला कोपऱ्यावरचा वेल्डर. डिसेंबरातला दुसरा शनिवार. मेहुण्याला स्टँडवर सोडायला निघालेला. बायकोचा एकुलता एक भाऊ, लग्न तोंडावर आलेलं. बस रात्रीची, पण मेहुण्याला वाटेतल्या गुहा बघायच्या होत्या, म्हणून दोघं दुपारीच निघाले.

"गाइडबिइड लागत नाही, दाजी. भिंतीवर बाण रंगवलेत. बाण बघायचा नि चालायचं."

"तुझ्या ताईला कळलं तर सालटी माझी निघतील. दिवसाउजेडी आत, दिवसाउजेडी बाहेर."

पण वाटेत टायर बसला. पोचेपर्यंत सूर्य टेकलेला. तिथं चिटपाखरू नव्हतं. तरी टॉर्च घेऊन शिरले. आत छतावरून पाणी ठिबकत होतं आणि मेहुणा प्रत्येक दगडापाशी उभा राहून फोटो काढत होता. बाण उजवीकडे वळले. डावीकडे एक बीळ होतं, त्याच्यापुढे साखळी लावलेली.

"हे आपल्यासाठी नाही," वेल्डर म्हणाला.

"दोनच मिनिटं, दाजी!" म्हणत पठ्ठ्या साखळीखालून गेलासुद्धा.

वेल्डर कुरकुरत मागोमाग गेला. एकट्याला कसं सोडणार? पुढं वाट इतकी अरुंद की पोटावर सरपटावं लागलं. पुढे मेहुणा, मागे हा. तेवढ्यात याची टाच अडकली. त्यानं पाय ओढला. सुटेना.

मग टाचेवरची पकड वर सरकली. पोटरीवर आली.

बोटं होती ती.

"अरे..." एवढंच तोंडातून निघालं. हिसडा बसला. हनुवटी दगडावर आपटली, टॉर्च निसटून विझला. तो पोटावरून फरफटत मागे गेला, नखं दगडावर तुटत गेली. बिळाबाहेरच्या मोकळ्या जागेत पडला, तोच कुणीतरी पाठीवर बसलं. केस धरले. तोंड दगडावर आपटलं. पुन्हा आपटलं. नाकाचं हाड मोडलेलं त्याला ऐकू आलं. मग खांद्यात दात घुसले. खोल.

आवाज मात्र नाही. श्वाससुद्धा नाही...

त्याच्या हाताला दगड लागला. मागे वळून हाणला. ओझं उतरलं. समोर काहीतरी हलल्याची चाहूल लागली. त्यावर हाणला. पुन्हा. पुन्हा. खाली काहीतरी कडकन मोडलं, हात रक्तानं भिजला, तरी तो हाणतच राहिला.

"दाजी... मी..."

हात थांबला.

मेहुणा होता. याची धडपड ऐकून परत आलेला. यानं अंधारात चाचपलं, तर त्याचा जबडा लोंबत होता.

"अरे देवा... तू? मग ते..."



मेहुणा एकदम मागे ओढला गेला. वेल्डरनं त्याचं मनगट धरलं. अंधार ओढत होता, हा ओढत होता. मेहुण्याचा खांदा निखळला. तो ओरडला. यानं सोडलं नाही. दात आवळून, रडत, शिव्या घालत धरून राहिला.

आणि एकाएकी ओढ संपली.

त्याला पाठीवर घेऊन, भिंत चाचपत हा बाहेर आला. तिथून यानं मला फोन केला. मी पोचलो तेव्हा दोघं रस्त्याच्या कडेला बसलेले. याच्या मुठीत अजून त्याचं मनगट. सोडवता सोडवेना.

मेहुणा जगला. लग्न पुढं ढकललं, पण झालं. बायकोला यानं खरं सांगितलं, "जबडा मी मोडला." ती कितीतरी दिवस याच्याशी बोलली नाही. बाकीचं मात्र तिला आजही पटत नाही.

त्या रात्री डॉक्टर याचा खांदा शिवत होते. चिमटा आत कशाला तरी अडला. त्यांनी ओढून काढलं. पुढचा दात, माणसाचा, मुळासकट. त्यांनी याचं तोंड उघडून बघितलं, मग जाऊन मेहुण्याचं. दोघांचे पुढचे दात जागच्या जागी.

डॉक्टरांनी दात धुऊन दिव्याखाली धरला. मी शेजारीच उभा होतो.

त्याच्यावर दाताचे डॉक्टर बसवतात तशी सोन्याची टोपी होती.