नवसाच्या कोंबड्याचं घर

गुंडादादाच्या अंगावरची हळद निघायच्या आत त्याला पलटणीतून बोलावणं आलं, ते साल एकोणीसशे त्रेचाळीस. आईनं त्याच दिवशी म्हसोबाला तांबडा कोंबडा बोलला. पोरगा घरी आला की तुझ्यापुढं कापीन, म्हणाली. राहे, तोवर कोंबडा तू जगवायचास, असं मला म्हणाली, आणि ते काम माझ्या गळ्यात. नवसाचा कोंबडा मधेच मेला तर ज्याच्यासाठी बोलला त्याचं खरं नसतं, असं गावात सगळे म्हणायचे. दादाची बायको साळूवहिनी रोज पहाटे तो आरवला की मगच कुंकू लावायची.

पुढच्या भादव्यात कृष्णेचा पूर ओसरला आणि ऊन पडलं. वरून आग, खालून ओल. लुगडं अंगाला चिकटून बसायचं. आठवड्यात खुराड्यातल्या पाच कोंबड्या मेल्या. सहावी आणि सातवी पायांना धरून मी नदीकडं टाकायला निघाले होते, तर नावेतून एक शिपाई उतरला. डावा हात गळ्यात बांधलेला. त्यानं कोंबड्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं...

"तूच मारल्यास न्हवं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आवं पावणं, वळख न्हाई पाळख न्हाई. तोंड सांभाळा."

तो हसला. नदीपलीकडचा जोतीराम तो, दादाच्याच पलटणीतला. निघाला होता आमच्याच घरी.

आईनं त्याला पाणी द्यायच्याही आधी विचारलं, "माझा गुंडा जित्ता हाय न्हवं?"

घरामागच्या परड्यात कोंबडा आरवला. जोतीरामनं मान वळवून परड्याकडं बघितलं. मग म्हणाला, "हाय, मामी. लिवाया सवड न्हाई त्याला."

आई रडली, नवसाच्या कोंबड्याचं सांगत बसली; वहिनी हसली. जोतीराम उठून सरळ खुराड्याकडं गेला. मातीच्या भिंती, आणि मुंगसाच्या भीतीनं मी फट न् फट शेणानं लिंपून घेतलेली. मुंगसानं एक नेली असती, तू सगळ्या नेल्यास, असं मला तोंडावर म्हणाला. कोंबडीला घाम येत नाही, तिला वारा लागतो. मी म्हटलं, लढाईवर कोंबड्या राखायला गेला होता काय? तर म्हणाला, ब्रह्मदेशात याहून वाईट उकाडा असतो, तिथल्या बाया कोंबड्यांना माचाण बांधतात, ते मी बघितलंय.

दुसऱ्या दिवशी तो बांबू घेऊन आला. तिसऱ्या दिवशीही आला. कमरेएवढ्या उंचीवर बांबूच्या कामट्यांची जमीन, म्हणजे शिट खाली पडेल आणि खालूनही वारा येईल. लांब बाजूंची तोंडं उत्तर-दक्षिणेला, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन आत शिरणार नाही. वर उसाच्या पाचटाचं छप्पर, त्याच्या शेंड्याला फट, गरम हवा निघून जायला. मी म्हटलं, आणि पाऊस आला की त्याच फटीतून आत. तो डोकं खाजवत बसला. शेवटी फटीवर वेगळी टोपी बसवायची, हे माझंच डोकं. तेवढं मात्र त्यानं मुकाट्यानं ऐकलं.

एक हात जायबंदी, म्हणून बांबू मी धरायचा आणि गाठ त्यानं मारायची. एका गाठीला फार वेळ लागायचा... त्याच्या कपाळावरचा घाम मला दिसायचा.

"जरा हलू नगंस."

"मी न्हाई, तुमचाच हात हलतुया."

"जखमेचा हाय त्यो."

"जखम डाव्याला हाय. हलतुया उजवा."

तो लाल झाला. त्या दिवशी मी भाकरी थापताना एकटीच हसले, आणि हसले म्हणून स्वतःवरच चिडले.

नवव्या दिवशी शेवटची दोरी कापायची होती. कोयता बोथट झाला होता. त्यानं खिशातून चाकू काढला, आणि काढल्यावर त्याच्या ध्यानात आलं. शिंगाच्या मुठीचा, टोक तुटलेला. आमच्या बाबांचा चाकू, दादानं पलटणीत नेलेला.

"दादानं दिला मला," तो म्हणाला.

"दादा त्यो आईच्या हातातबी द्यायचा न्हाई."

तो माचाणाखाली बसला, बसलाच. "जेठात गेला, राहे. गोळी लागली. माझ्या मांडीवर..."

मी ओरडले नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. "वहिनी रोज कुंकू लावतीया," मी म्हटलं. "अन् तुमी कोंबड्याला घर बांधतायसा?"

"मामीपुढं जीभच वळली न्हाई. निदान कोंबडा तरी जगावा म्हनलं. रोज सांगायाच यायचो. तू बांबू धरून हुबी असायचीस... सांगितलं तर परत कशाला येऊ?"

त्याला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. मला आणखीच राग आला. अशा वेळी सांगायची गोष्ट होती ती? मी हातातली दोरी त्याच्या अंगावर फेकली. "आत जावा. आत्ता सांगा दोघींस्नी. मला सांगाया लागलं तर पुन्हा तुमचं तोंड बघनार न्हाई."

तो गेला. मी चाकू मुठीत धरून बाहेर उभी राहिले. आधी वहिनीचा आवाज आला. बऱ्याच वेळानं आई परड्यात आली, नव्या घराचं दार तिनं उघडलं. कोंबडा आत वाऱ्याला पंख पसरून बसला होता, बाहेर यायला तयार नव्हता. "ऱ्हाऊ दे त्याला," आई म्हणाली.

सरकारी तार दसऱ्यानंतर आली. खरं कळलं म्हणून वर्षभरानं साळूवहिनीचा दुसऱ्या घरी पाट लागला. जोतीराम पलटणीत गेला, तिथून मला पत्रं धाडायचा. मला वाचता येत नव्हतं आणि दुसऱ्याकडून वाचून घ्यायची लाज. सेहेचाळीस साली तो परत आला आणि लग्नाचं विचारलं, तेव्हा मी एकच अट घातली. पुन्हा माझ्याशी खोटं बोलायचं नाही.

एक्केचाळीस वर्षं त्यांनी ती पाळली, शेवटचे तीन महिने सोडून. छातीत दुखायचं, विचारलं की म्हणायचे, बरा हाय. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

गुंडादादा एकोणीसशे चव्वेचाळीसच्या जेठात ब्रह्मदेशात गेला. तांबडा कोंबडा म्हातारा होऊन अठ्ठेचाळीसच्या चैत्रात मेला. जोतीराम एकोणीसशे सत्त्याऐंशीच्या भादव्यात वारले.