पुस्तकातलं नाव

नरहररावांनी ताट बाजूला सारलं आणि मुलीला बजावलं, ते प्रकरण पुस्तकातून काढ, नाहीतर गुढियारीच्या या घराची पायरी चढू नको. वरण वाढायला वाकलेल्या इंदूच्या हातातली पळी तशीच राहिली...

गंधाली विद्यापीठात शिकवायची. लग्नाच्या बाजारात सावळ्या मुलींचं काय होतं, यावर तिचं संशोधन, आणि आता त्याचं पुस्तक निघत होतं. त्यासाठी कितीतरी बायका तिच्याशी बोलल्या, आणि एका दुपारी तिनं आईलाही बोलतं केलं. सासू चारचौघांत कशी ‘कोळसा’ म्हणायची, पाहुणे आले की कशी आतच बसवायची, आणि हे ऐकत असूनही नवरा कसा पेपर वाचत राहायचा... सगळं, सगळं इंदू बोलली! अंतःकरणात वर्षानुवर्षं दडपलेली ती वेदना बाहेर पडली आणि काय हलकं वाटलं म्हणता तिला!

त्याचंच पुस्तकात एक प्रकरण झालं, आणि आज त्याची कच्ची प्रत नेमकी नरहररावांच्या हाती पडली. रेल्वेतून रिटायर झालेले, समाजात मान असलेले गृहस्थ. गेलेल्या आईची अब्रू त्यांना चव्हाट्यावर नको होती.

इंदूनं नेहमीचंच केलं. काढून टाक बाई, म्हणाली. बापलेकीत तुटायला नको... आयुष्यभर आपलं म्हणणं गिळून तिनं घर शांत ठेवलं होतं, आणि घरानंही ते गृहीतच धरलं होतं, दुसरं काय!

गंधालीचे डोळे भरले. “बाबा, किसी को पता नहीं चलेगा. पुस्तकात सगळ्या बायकांची नावं बदलतो आम्ही, नियमच आहे.” मग आईकडे वळून तिनं विचारलं, तुझं काय नाव ठेवू?



“श्यामला लिही.”

“ही कोण?”

“मीच. लग्नाच्या आधीची. तुझी आजी म्हणे, आधीच रंग असा, त्यात नावही तेच कायले? मग यांनी अंगठीनं तांदळात इंदू लिहिलं. एकदा यांनी बदललं, आता तू बदलून राहिली. बदलायचंच आहे, तर माझं मले वापस दे.”

ती रडली नाही. नरहररावांना मात्र ते तांदळाचं ताट आठवलं. लिहिताना त्यांनी एकदाही मान वर करून विचारलं नव्हतं, तुला चालेल का म्हणून. ते आपल्या बोटांकडे पाहत राहिले...

“प्रकरण राहू दे,” ते म्हणाले. “अन् ज्यानं नाव बदललं त्याचं झाकू नको. नरहर लिही.”

नियमात बसत नाही बाबा, गंधाली म्हणाली. लोक ओळखतील.

“ओळखू दे. मी सही करून देतो.”

त्यांनी ताट पुन्हा पुढे ओढलं.

“श्यामला, वरण वाढ.”

इंदू पळी धरून तशीच बसून होती. त्यांनी दुसऱ्यांदा हाक मारली, तेव्हा कुठे तिला कळलं की ती हाक तिलाच होती.