उरलेली नळी

त्या दिवशी सकाळी मामांच्या लघवीची बाटली घेऊन मी दौंडच्या लॅबला निघाले. मामा म्हणजे माझे सासरे, रखमाजी. कडेवर माझी मोनिका, वर्षाची. दारातून मामा म्हणाले, "नीट धर गं. कोकम सरबत म्हणून लॅबवाला पिऊन टाकील."

आम्ही हसलो. बाटलीतलं लाल होतं, म्हणूनच हसलो.

त्यांची डावी किडनी कॅन्सरमुळं काढून काही वर्षं झाली होती. आता दुखत काहीच नव्हतं, नुसतं रक्त जायचं. पुण्याच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं. किडनी गेली तरी तिच्यापासून लघवीच्या पिशवीपर्यंतची नळी पोटात उरली होती. तिथं आता काही असायला नको होतं, पण किडनीतला कॅन्सर त्या रिकाम्या नळीनं खाली उतरत पिशवीच्या तोंडाशी आला होता.

"असं फार क्वचित होतं," डॉक्टर म्हणाले. "नळी काढू. मग आशा आहे."

मी एवढंच विचारलं, "लेकराला लागत नाही ना हे?"

"नाही हो, बाई. हा असा लागणारा आजार नाही."

पुढच्या आठवड्यातलं ऑपरेशन दुपारी संपलं. यांना रेल्वेची ड्युटी होती, म्हणून बाहेर आम्हीच. मी, झोपलेली मोनिका आणि सासूबाई, म्हणजे माझ्या आत्याबाई. फिनेलचा वास येत होता आणि त्याच्याखाली दुसरा एक, भिजलेल्या मेंढराचा. डॉक्टर स्टीलची वाटी घेऊन आले.

"आधीचं ऑपरेशन मीच केलं होतं," ते हळू म्हणाले. "नळीच्या वरच्या टोकाला मी साधा टाका घातला होता. हे मी बांधलेलं नाही."

वाटीत काळ्या लोकरीची गाठ होती. मधोमध कापलेली.

सासूबाईंनी हात लावला नाही. "कापली व्हय तुमी?"

"कापावीच लागली, आजी."

ते गेले. मी विचारलं, "आत्याबाई, काय आहे ते?"

"मेंढरं विकून कवठ्याहून दौंडला आलो ना, तवा मेंढरं कोंडायच्या रिकाम्या वाडग्याच्या तोंडाला मी अशीच गाठ मारली व्हती. म्हंजी मेंढरांच्या मागं जे लागलेलं असतंय, ते आपल्या घराची वाट धरत न्हाई."

"मग ती मामांच्या पोटात कशी...?"

"मला काय ठावं..."

"आणि कापल्यावर?"

 त्या माझ्या मांडीवरच्या मोनिकाकडं बघत राहिल्या.

मामा बरे झाले. लघवी पाण्यासारखी स्वच्छ झाली. यांनी एसटीडी बूथवरून साऱ्या भावकीला कळवलं. आत्याबाईंनी मात्र घरी आल्या आल्या मोनिकाच्या कमरेला काळ्या लोकरीचा करगोटा बांधला. इतका घट्ट, की माझं बोट आत जाईना.

"रुतंल ना पोरीला!" मी भांडले.

"रुतू दे."

आज दुपारी मोनिका झोळीत झोपली होती. मी पीठ मळून, हात धुऊन आले, तर करगोटा झोळीखाली पडलेला. कुठं तुटला नव्हता. गाठही सुटली नव्हती. तसाच पायांतून वर चढवायला गेले, तर गुडघ्यांच्या पुढं सरकेना.

मोनिका जागी होती. शांत, डोळे उघडे.

तिचा लंगोट हाताला ओला लागला. गरम. मी तिला तशीच उराशी धरून बसले आहे... अजून लंगोट सोडून रंग बघितला नाही.