शुभेच्छुक भीमाबाई

भाकरीचं पीठ मळता मळता भीमाबाईंचा हात परातीतच थिजला...

ओट्यावर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाइलमधून संघप्रिया विचारत होती, "नाक्यावर माझा बॅनर कुणी लावला?" भाईंदरात सकाळचे सात वाजले होते, तिकडे अमेरिकेत आदल्या दिवसाची संध्याकाळ. रोज याच वेळी नात फोन करायची, आधी आजीला जय भीम घालायची आणि मग आईकडे वळायची. आज जय भीम नव्हता, हसू नव्हतं, लेकराचे डोळे रडून रडून सुजले होते.

बॅनर कुणी लावला ते त्या स्वयंपाकघरातल्या दोघींनाही पक्कं ठाऊक होतं. भीमाबाईंनी! पण जी जीभ उभ्या आयुष्यात नवघरच्या नळावर अडली नव्हती, स्टीलच्या गाळ्यात भांड्यांना पॉलिश मारताना मुकादमापुढं अडली नव्हती, नवरा तात्याराव गेल्यावर भावकीपुढंसुद्धा अडली नव्हती, ती त्या सकाळी टाळूला चिकटून बसली.

"मी लावला," ऑफिसच्या डब्याचं झाकण लावता लावता सून तेजश्री म्हणाली.

भीमाबाईंनी चमकून तिच्याकडे पाहिलं. तेजश्रीनं पाहिलं नाही.

"तू? अगं, खाली शुभेच्छुक म्हणून आजीचा फोटो आहे."

"फोटो आईंचा टाकला. मजकूर मी दिला."

तिकडे पोर भडकली. मग जे बोलली ते आईला म्हणून बोलली. पण लागलं दोघींना. "आजीनं केलं असतं तर मी समजून घेतलं असतं, ती अडाणी आहे. तू तर वकिलाच्या ऑफिसात कागद टाइप करतेस ना आई? तुला मी तीन वेळा सांगितलं होतं, पत्र हातात येईपर्यंत कुणाकडे बोलायचं नाही म्हणून..."

फोन बंद झाला. तेजश्रीनं पर्स उचलली आणि पूनम सागरमधल्या ऑफिसला निघून गेली. तव्यावर भाकरी नव्हतीच, तरी भीमाबाईंना काहीतरी करपल्याचा वास येत राहिला.

अडाणी! ज्या पोरीनं पहिलीत असताना पाटीवर हात धरून आजीला सही शिकवली, तिच्याच तोंडून हा शब्द यावा... आणि तो खोटा आहे असं म्हणायला तोंडही उरू नये!

झालं होतं असं. संघप्रिया कॉलेजच्या विद्यार्थी-अदलाबदलीत वर्षभरासाठी अमेरिकेला गेली होती, पाणी शुद्ध करायचं शास्त्र शिकायला. जीवन, तिचा बाप, पोरगी नववीत असताना गेला. तेव्हापासून सासू-सुनेनं ते एक रोप दोन हातांनी वाढवलं होतं. वाढवताना दोघींचं कधी पटलं, असं मात्र कुणी म्हणू नये. भीमाबाईंची जीभ कोयत्यासारखी आणि सून मुकी. कोयता हवेत फिरून फिरून दमायचा.

मार्चात त्या पोरीला तिकडच्या एका पाणी तपासणाऱ्या कंपनीनं होकार दिला. अभ्यास मे महिन्यात संपला की १ जूनपासून सहा महिने तिथं हाताखाली काम शिकायचं, पगारासकट. पण त्याला एक अट होती, आणि ती तेजश्रीनं सासूला बसवून समजावली होती. असल्या पाहुण्या विद्यार्थ्यांना तिकडं मनाला येईल तसं काम करता येत नाही. कॉलेजात त्यांचे कागद बघणाऱ्या एक बाई असतात. त्यांनी लेखी परवानगी दिली, तीही अभ्यास संपायच्या आत दिली, तरच काम. परवानगीवर जी तारीख असेल तिच्याआधी एक दिवस जरी काम केलं, अगदी फुकट केलं, तरी व्हिसा गेला समजायचा, आणि पोरगी पुढच्या विमानानं घरी.

"म्हणून अजून कुठं बोलू नका, आई."

"मला नको शिकवू," भीमाबाई म्हणाल्या होत्या. "कंपनी हो म्हणाली ना? सुपारी फुटली की लगीन ठरलं. मग पत्रिका छापायला कुणाच्या बापाची चोरी?"

"तिकडं सुपारीला किंमत नाही. अक्षता पडायच्या आधी नवरी सासरी दिसली, तर लगीनच मोडतं."

सून आयुष्यात एकदा म्हणून उलट बोलली, आणि तेच भीमाबाईंच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं.

त्यात अनसूया आली. अनसूया म्हणजे भीमाबाईंची धाकटी जाऊ, पलीकडच्याच बिल्डिंगमध्ये राहायची; तिचा नातू चंदन दुबईला. चहा फुंकत ती म्हणाली, "चंदन तर उतरला तसा कामाला लागला बाई. तुमची संघू वर्षभर नुसती शिकायलीय का? म्हणजे फिरून झालं की येईल परत." चहा तिनं पूर्ण प्यायला. भीमाबाईंचा कप मात्र तसाच राहिला.

त्या तशाच उठल्या आणि जयंतीची वर्गणी देण्याच्या निमित्तानं मंडळाच्या रवीकडे गेल्या. रवी बॅनर करायचा. त्यानं विचारलं, काय लिहायचं. भीमाबाईंनी छातीवर पदर ओढून सांगितलं, लिही, आमची नात संघप्रिया अमेरिकेतल्या नामांकित कंपनीत नोकरीवर रुजू झाली. "आजी, कंपनीचं नाव टाकू? एकदम कडक दिसेल," रवी म्हणाला. टाक म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी नाक्यावर दहा फूट उंच संघप्रिया उभी राहिली, गळ्यात निळी ओढणी, आणि खाली कोपऱ्यात शुभेच्छुक म्हणून डोळे वटारलेल्या भीमाबाई. अनसूया त्याच नाक्यावरून रोज भाजीला जायची. भीमाबाई दोन दिवस हवेत चालल्या...

पण रवी हौशी. त्यानं बॅनरचा फोटो इंटरनेटवर टाकला आणि कंपनीच्या पानाला जोडून दिला, म्हणजे तो तिथंही दिसला. मशीननं केलेलं इंग्रजी वाचून कंपनीतलं माणूस चमकलं, आमच्याकडं तर १ जूनच्या आधी ही यायची नाही, मग ही रुजू कुठं झाली? त्यांनी कॉलेजला कळवलं. कॉलेजच्या त्या बाईंनीही मशीनवर मराठीचं इंग्रजी केलं, आणि पोरीच्या हातात कागद आला. परवानगीशिवाय काम केलं का, याचा खुलासा शुक्रवारपर्यंत द्यावा. तोवर परवानगीचं पत्र थांबवलं आहे.

त्या दिवशी भीमाबाई जेवल्या नाहीत. संध्याकाळी तेजश्री ऑफिसातून आली, पाणी प्यायली आणि तिनं मोबाइलवर कॉलेजच्या त्या बाईंना इंग्रजीत पत्र लिहून पाठवून दिलं, की चूक माझी, मुलीच्या आईची; मुलीनं एक दिवसही काम केलेलं नाही. भीमाबाई भिंतीला टेकून बघत राहिल्या. म्हणावं वाटत होतं, तेजे, असं नको करू; पण म्हटलं असतं तर नातीपुढं आपण कोण उरलो असतो? त्या पोरीच्या लेखी आजी म्हणजे डोंगर होती. डोंगरानं खोटं बोलायचं असतं का... आणि बोलला, तर कबूल करायचं असतं का?

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, पोरीनं फोन केला नाही. सात वाजले, साडेसात झाले. मोबाइल साखरेच्या डब्याला टेकून तसाच काळा. तेजश्री दोन दोनदा हात पुसून त्याच्याकडे बघायची, आणि भीमाबाई सुनेचा तो हात बघत बसायच्या. आईची माया ही! लेकीचा राग अंगावर घेतला, लेकीचा आवाजही गमावला, आणि कुणासाठी? ज्या सासूनं वीस वर्षांत 'जेवलीस का' एवढंसुद्धा विचारलं नाही, तिच्यासाठी!

गुरुवारी सकाळी फोन आला. बोलायला नव्हे, सांगायला. कॉलेजच्या बाईंनी आईचं पत्र परत केलं होतं. त्यांचं म्हणणं, बॅनरवर फोटो आणि नाव आजीचं आहे, पत्र मात्र आईचं. ज्यांचं नाव आहे त्यांनीच आपल्या हातानं लिहून द्यावं, नाहीतर आम्ही यावर विश्वास कसा ठेवायचा? उद्या शेवटचा दिवस.

"आजीला नको त्रास देऊस. नुसती सही घे तिची," संघप्रिया आईला म्हणाली, आणि आजीकडं न बघताच फोन ठेवला.

तेजश्री खाली बसली. तिनं कागदावर सुबक अक्षरात मराठीत चार ओळी उतरवल्या आणि पेन सासूपुढं ठेवलं. "इथं सही करा, आई. बाकी मी बघते."

भीमाबाईंना वाचता यायचं. पण एकेक अक्षर बोटाखाली धरून, मुंगी दाणा ओढते तसं. त्यांनी बोट ठेवलं. 'मी भीमाबाई तात्याराव...' बोट पुढं सरकलं. 'बॅनरवरचा मजकूर मी माझ्या सुनेच्या...' बोट थांबलं. पुन्हा मागं आलं. '...सुनेच्या सांगण्यावरून दिला.'

भीमाबाईंनी बोट उचललं.

"हे कुणी लिहायला सांगितलं?"

"कुणी नाही. तुमच्याकडं कुणी बोट दाखवू नये, एवढंच. माझं काय, संघू माझ्यावर रुसली तरी माझीच आहे. तुमच्यावरचा तिचा विश्वास तुटला तर..." तेजश्री पेनाचं टोपण फिरवत राहिली. "जीवन गेले तेव्हा ती तुमच्या कुशीत झोपायची, आई. माझ्या नाही. मी तेव्हा रडत असायचे आणि तुम्ही रडत नव्हता. म्हणून उभी राहिली ती."

अरे देवा... वीस वर्षं जिला मुकी म्हटलं, ती एवढं सगळं पोटात घेऊन बसली होती! भीमाबाईंच्या डोळ्यांतून टचकन पाणी आलं, आणि जीवन गेला तेव्हाही जे कुणाला दिसलं नव्हतं, ते सुनेनं पाहिलं.

त्यांनी तो कागद चार तुकडे करून शेगडीपाशी ठेवला.

"कोरा दे."

"आई, वेळ लागेल तुम्हाला."

"लागू दे. नुसती सहीच येती व्हय मला? पाटी भरून लिहायला शिकवलंय तिनं."

लिहायला पाऊण तास लागला. तेजश्रीनं ऑफिसला उशीर होईल म्हणून कळवलं आणि शेजारी बसून राहिली, एकदाही हात लावला नाही. कागदावर उतरलं ते एवढंच:

'मी भीमाबाई. बॅनर मी लावला. नोकरी लागली हे खोटं मीच सांगितलं, जावेला खाली बघायला लावायचं होतं म्हणून. सुनेनं मला नको म्हटलं होतं. माझ्या नातीनं कुठंही काम केलेलं नाही, ती खरी आहे. खोटी मी आहे.'

'खोटी'ला वेलांटी देताना पेन कागदात घुसलं. तेजश्रीनं कागदाचा फोटो काढला, खाली इंग्रजी अर्थ लिहिला आणि पाठवला. तोवर भीमाबाईंनी चपला घातल्या होत्या.

नाक्यावर रवी जयंतीच्या कमानीला लायटिंग लावत होता. त्यांनी शिडी मागितली. "आजी, अजून जयंती व्हायचीय, एवढ्यात काढता?" त्यांनी सांगितलं, काढ, नाहीतर मी चढते. भाजीची पिशवी घेऊन अनसूया तिथंच उभी होती, आणि बोलायची संधी ती सोडणार नव्हती. "काय झालं हो जाऊबाई? नोकरी गेली वाटतं?"

"गेली न्हाई, अजून लागलीच न्हाई," चार माणसांत भीमाबाई म्हणाल्या. "मी खोटं बोलले, अनसूया. तुझ्या चंदनच्या वरचढ दाखवायला. पोरगी अभ्यास करायलीय, तेवढंच खरं."

आयुष्यभर जिच्याशी अनसूया लढली ती अशी तलवार टाकून उभी राहिली, तर वार करायचा कुठं? तिनं पिशवी खाली ठेवली आणि बॅनरची दोरी सोडवायला रवीला हात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मोबाइल वाजला. संघप्रियाच्या हातात त्या कागदाची छापील प्रत होती.

"आजी, 'वेलांटी आत घुसवू नको, कागद फाटतो' असं मी तुला पाटीनंतर कागदावर शिकवताना म्हणायचे..." आणि तिला हुंदका फुटला. "आई कुठंय? मी तिला काय काय बोलले गं..."

भीमाबाईंनी मोबाइल उचलला, सुनेच्या हातात दिला आणि पहिल्यांदाच स्वतः बाहेर जाऊन बसल्या. माय-लेकींचं रडणं आतून ऐकू येत होतं. त्यांनी दाराकडं पाठ करून लसूण सोलायला घेतला.

परवानगीचं पत्र आलं पंधरा दिवसांनी, अभ्यास संपायच्या आत. तारीख १ जून. तोवर बॅनर गच्चीवर कुरडया वाळत घालायला कामाला आला होता; पण त्याआधी भीमाबाईंनी कात्रीनं त्यातून दोन तुकडे कापून ट्रंकेत ठेवले होते. एक नातीचा चेहरा, त्याच्यावर कुरडई कशी घालायची? आणि दुसरी ती ओळ, 'नोकरीवर रुजू झाली'.

१ जूनला संध्याकाळी साडेसातला संघप्रियानं कंपनीच्या दारातून फोन केला. तिकडं सकाळ झाली होती, गळ्यात नवं ओळखपत्र होतं. "आजी, आत चाललेय बघ. आता कुणालाही सांग."

भीमाबाईंनी ट्रंक उघडली. दोन्ही तुकडे सुनेपुढं ठेवले, वर सुई-दोरा ठेवला.

"आता हे दोन्ही तू एकत्र शिव. माझी नजर गेली." मग थोडं थांबून, इकडं तिकडं बघत म्हणाल्या, "आधी जेव. सकाळपासनं काही खाल्लंस का, तेजे?"

तेजश्रीनं सुईत दोरा ओवला. पहिल्या दोन वेळा तो नेढ्यातून जाईना, डोळ्यांपुढं सगळं धूसर झालं होतं.