चौदा दिवसांनी तेच प्रश्न

पार्वतीबाईंच्या अंगणात धम्मप्रियाला प्रथम दिसली ती एका तरुणाची पाठ. बाजेच्या पायांखालचे लाकडी ठोकळे हलतात की काय, हे तो वाकून तपासत होता. आणि सत्तरी ओलांडलेल्या पार्वतीबाई शेजारी उभ्या राहून त्याला हुकूम सोडत होत्या. उभ्या राहून! चौदा दिवसांपूर्वी त्यांना नुसते उठायलाही सुनेचा हात लागत होता.

धम्मप्रिया नांदेडची संशोधक. आपल्या प्रकृतीसह रोजचे जगणे वृद्धांना कितपत सुसह्य वाटते, हे मोजणारी मराठी प्रश्नावली तिने तीन वर्षे खपून रचली होती. आता मुखेडजवळच्या या गावातल्या तीस वृद्धांना तेच प्रश्न चौदा दिवसांच्या अंतराने दोनदा विचारायचे होते. प्रकृती तीच, तर उत्तरेही तीच यायला हवीत. न आल्यास मोजपट्टीच खोटी, आणि तीन वर्षे वाया.

"आलीस व्हय, माय? इचारून जानारे लई असतात. परत येनारी तूच पयली."

"शून्य ते शंभरात आजची तब्येत किती, आजी?"

"मागं चाळीस म्हनले व्हते. आता सत्तर लिव्ह."

धम्मप्रियाचे पेन थबकले. "सत्तर? कशामुळं?"

"ह्या आनंदराजमुळं! बाज उंच केली, कसं उठायचं ते शिकिवलं. आता म्या एकलीच उठते. सुनंला हाक न्हाई का काई न्हाई."

तरुण उठला. कपाळावर धूळ, डोळ्यांत हसू... तो लातूरचा फिजिओथेरपिस्ट. दर गुरुवारी गावात यायचा.

"किती घरांत केलंत हे?"

"नऊ."

त्याने नावे सांगितली. नऊच्या नऊ तिच्या यादीत होती.

"तुम्ही माझी आकडेवारी बिघडवलीत!"

"म्हातारी माणसं चालायला लागली, त्याची तक्रार करताय तुम्ही?"

"भांडा," पार्वतीबाईंनी हरभऱ्याच्या ढाळ्यांची जुडी दोघांच्या मध्ये ठेवली, "पन खाऊन भांडा."

घाटे सोलता सोलता भांडण विरले. कोणाकडे कोणत्या तारखेला काय केले, हे सांगायला आनंदराज तिच्याबरोबर नऊही घरे फिरला. शेवटच्या घरी तिच्या लक्षात आले—उत्तरे लिहिताना आपण दोनदा त्याच्याकडे पाहिले, आणि त्याची नोंद कुठेच नाही.

सायंकाळी मुखेडच्या बसस्थानकावर आनंदराजसोबत बसची वाट पाहताना तिने दोन्ही वेळचे आकडे शेजारी मांडले. आदल्या दिवशी विचारलेल्या एकवीस जणांची प्रकृती तशीच होती. उत्तरे जवळजवळ तीच आली होती. ठोकळेवाल्या नऊ जणांचे आकडे मात्र वर सरकले होते.

"मी तुमची आभारी आहे," ती म्हणाली. "बदल नसेल तर ही प्रश्नावली बदल दाखवत नाही, एवढंच मी तपासणार होते. बदल झाला तर तो ती टिपते, हे तुमच्यामुळं कळलं. अर्थात, नऊ ही संख्या लहान आहे. तुलनेला दुसरा गटही नाही."

"आभारालासुद्धा तळटीप?"

"तळटीपेशिवाय मी काही बोलत नाही."

"मग मलाही विचारा की. शून्य ते शंभर."

"साठीच्या आतले चालत नाहीत."

"तोवर थांबायचं म्हणता? आज ब्याण्णव."

"आठ कुठं गेले?"

"तुमची नांदेडची बस लागली."

पायरीवर पाय ठेवता ठेवता ती वळली. "एका मोजणीवर माझा विश्वास नसतो."

बरोबर चौदाव्या दिवशी, नांदेडला तिच्या विभागाच्या दारात आनंदराज उभा होता. हातात ढाळ्यांची जुडी. "पार्वतीबाईंनी दिलीय. म्हणाल्या, 'तिनं परत येऊन इचारलं, म्हून.' आता मला विचारा."

तिने घसा साफ केला. "शून्य ते शंभर?"

"ब्याण्णव."

"आणि आठ?"

"साडेपाचला लातूरची बस आहे."

तेच प्रश्न, तीच उत्तरे. शंकेला जागा शोधूनही तिला ती सापडेना. तिने जुडीतला एक घाटा सोलून दाणा त्याच्या तळहातावर ठेवला. बोटे मात्र लगेच उचलली नाहीत.

"मोजणी विश्वासार्ह आहे," ती हळूच म्हणाली. "आता बदल घडवायला हरकत नाही... साडेपाचची बस जाऊ द्या."