रिकाम्या खाटेचा श्वास

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पदरात घ्या. शब्दही माझ्याकडे साधेच आहेत, पण ऐकलं तसं सांगतो.

एका मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या तळघरात एक खोली होती. बाहेरची खिडकी नाही, शेजारच्या खोलीतून आत बघायला तेवढी एक बंद काच; दार जाड, भिंतींना आवाज गिळणारं अस्तर. आत स्पिरिटचा आणि धुतलेल्या चादरींचा वास. तिथे एक डॉक्टरबाई झोपेतल्या श्वासावर संशोधन करायच्या. गादीखाली पातळ पट्टी असायची. वर माणूस निजला की त्याचा श्वास पडद्यावर रेषा होऊन वरखाली व्हायचा. पण पंपांची, लिफ्टची थरथरही त्या पट्टीत उतरायची. म्हणून शिरस्ता असा, की सकाळी रिकाम्या खाटेची नोंद घ्यायची आणि ती माणसाच्या नोंदीतून वजा करायची. रिकामी खाट कोण बघत बसतो? ती नोंद बाईंनीही कधी उघडून पाहिली नव्हती.

त्या दुपारी खाटेवर त्यांचे वडीलच होते. झोपेत त्यांचा श्वास अडकायचा, आणि बाईंच्या जिवाला घोर लागून राहिला होता. म्हातारा मात्र मजेत.

"या घोरण्यापायी तुझ्या आईनं जन्मभर उशा फेकून मारल्या," ते म्हणाले, "आणि तू त्याच्यावर निबंध लिहितेस."

दिवा मालवला. थोड्या वेळात ते घोरू लागले. काचेपलीकडे बाई आणि तंत्रज्ञ पडद्याकडे पाहत बसले.

रेषा सरळ होती.

तंत्रज्ञानं वायरी तपासल्या, सगळं ठीक होतं. बाईंनी त्याला वजाबाकी काढून टाकायला सांगितली. तशी रेषा लगेच उठू-बसू लागली. मग वजा काय होत होतं? बाईंनी सकाळची नोंद उघडली. खोलीला तेव्हा कुलूप होतं. तरी रिकामी खाट श्वास घेत होती.

दोन्ही रेषा एकीवर एक ठेवल्या. केसाचाही फरक नव्हता. आत वडील खोकले... सकाळच्या रेषेतही नेमका तिथेच धक्का होता.

बाईंनी ती नोंद पुढे सरकवली. जरा पुढे श्वास उथळ होत गेला होता आणि थांबला होता. त्यानंतर शेवटपर्यंत सपाट.

"मॅडम..." तंत्रज्ञ पुटपुटला, "ती जागा आता येईल."

बाई धावत आत गेल्या.

"बाबा, उठा."

"अगं, आत्ता कुठे डोळा लागला..."

"उठा म्हणते ना... खाली उतरा."

त्यांना खुर्चीत बसवून बाईंनी त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले. पडद्यावरची चालू वेळेची खूण सरकत त्या जागेवर आली आणि पुढे गेली. वडील चष्मा शोधत कुरकुरत होते. तंत्रज्ञानं काचेतून मान हलवली. टळलं, असं दोघांनाही वाटलं.

बाईंनी वडिलांना स्वतःच्या घरी नेलं. त्या रात्री ते घोरले नाहीत. बाईंनाही कितीतरी दिवसांनी झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील स्वयंपाकघरात बसून लहानपणी नदीत बुडता बुडता वाचल्याची गोष्ट सांगू लागले. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या आणि श्वास बघायच्या सवयीनं त्यांच्या पाठीवर तळवा ठेवला. गोष्ट लांबत गेली. ते अडखळले नाहीत, मध्ये कुठे थांबलेही नाहीत. तळव्याखालची पाठ जराही हलली नाही.

बाईंनी हात काढला नाही.

"मग पुढे काय झालं, बाबा?" त्यांनी हळूच विचारलं.

आणि वडील सांगत राहिले.